आत्याच्या मागचं इंजिन

दादरला खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला पगार विचारला नाही, गाव विचारलं नाही, घरी कोण कोण असतं तेही विचारलं नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता, "तुम्हाला सर्दी होते का?"

होते कधीमधी, चारचौघांना होते तशी, असं मी सांगितलं. त्यावर शिंका एकामागून एक येतात की सुट्या, आणि येण्याआधी तुम्हाला कळतं का, याची त्यांनी सविस्तर चौकशी केली. मी सांगलीहून परळच्या एका ऑफिसात नोकरीला आलेली. मुंबईची हवा दमट असते एवढं ऐकून होते. मला वाटलं, माणूस किती काळजी करणारा आहे. सामान घेऊन राहायला आले तेव्हा कळलं की काळजी माझी नव्हती. खिडकीशी एक टेबल होतं, त्यावर पांढरं कापड, आणि कापडावर मोहरीएवढे पितळी दाणे ओळीने मांडलेले. माझ्या आधीच्या मुलीच्या एका शिंकेत इंजिनाचा अख्खा कठडा उडाला होता, आणि पाठोपाठ ती मुलगीही.

करार असा होता की खोली माझी, टेबल आणि भिंतीतलं कपाट इंजिनाचं. घरमालकांना मी काका म्हणायचे; ते विमा कंपनीतून निवृत्त झालेले. मी ऑफिसात गेले की ते टेबलाशी बसायचे, मी आले की "झालं, झालं" म्हणत उठायचे. काय झालं ते कधीच दिसायचं नाही. कपाटात वाफेच्या इंजिनांची छोटी मॉडेलं आहेत असं काकूंनी मला सांगितलं होतं. प्रत्यक्षात मॉडेल एकच होतं, वीतभराहून थोडं मोठं आणि तेही अर्धवट. बाकी सगळे सुटे भाग. श्रीखंडाच्या डब्यांत चिमण्या, औषधाच्या बाटल्यांत शिट्ट्या, आणि चिमणीच्या मागे इंजिनाच्या पाठीवर जो उंचवटा असतो, ज्याला काका घुमट म्हणत, ते घुमट काकूंच्या चांदीच्या करंड्यात. त्यातला कुठलाही घुमट दुसऱ्याशेजारी ठेवला की मला दोन सारखे घुमट दिसायचे. एकदा मी हे बोलून दाखवलं. काकांनी मला डोळे तपासून घ्यायला सांगितलं, तेही चिडून नव्हे, मनापासून.

त्या घरात केर काढायचीही रीत होती. सुपलीतला केर डब्यात जात नसे, रव्याच्या चाळणीत जात असे. बाई चाळायची आणि काका वाकून बघायचे. काकूंनी रवा चाळायचं सोडून दिलं होतं. एकदा काकांनी भागांची वर्गवारी करायला मिसळणाचा डबा नेला आणि परत ठेवताना कठड्याच्या पितळी खुंट्या मोहरीच्या वाटीत राहिल्या. काकूंनी आमटीला फोडणी दिली, तर मोहरी काही तडतडेना. दुकानदाराने जुनी मोहरी दिली म्हणून त्यांनी त्याच्या नावाने बोटं मोडली. जेवताना माझ्या दाढेखाली कचकन काहीतरी आलं. मी ते ताटाच्या कडेला काढलं. काकांनी ते उचलून चष्म्याशी धरलं आणि दाढेची चौकशी न करता म्हणाले, "ही पुढची आहे. मागच्या जरा जाड असतात. सावकाश जेवा." त्या रात्री आम्ही इतकं सावकाश जेवलो की काकूंची मालिका बुडाली.

इंजिन म्हटलं की तुम्हाआम्हाला एक काळं, धूर सोडणारं, गोल तोंडाचं काहीतरी आठवतं. काकांना असं मोघम काही आठवू शकत नसे. त्यांचं म्हणणं असं की एका जातीची इंजिनं कारखान्यातून जुळी बाहेर पडली तरी शेडमध्ये दुरुस्तीला गेली की एकाची चिमणी दुसऱ्याला लागायची, दुसऱ्याचा घुमट तिसऱ्याला. जे हाताशी येईल ते बसवून फोरमन मोकळा व्हायचा. त्यामुळे दर दुरुस्तीनंतर इंजिन निराळं. 'कोणतं इंजिन करताय' हा प्रश्नच मुळात चूक. 'कोणत्या महिन्यातलं' असं विचारायचं. त्या फोरमनांनी जेवणाची सुट्टी व्हायच्या आत जे उरकलं, ते हुबेहूब करायला काकांनी आपलं आयुष्य घातलं होतं.

ही नजर इंजिनापुरती राहिली असती तर बरं झालं असतं. स्टेशनाजवळच्या गाडीवरचा वडा खाऊन ते म्हणायचे, "हा मे महिन्यानंतरचा आहे." गाडीवालाही मान्य करायचा की मे महिन्यात आचारी गावी गेला तो परत आलाच नाही. तिसऱ्या मजल्यावरचे एक आजोबा गेले तेव्हा आम्ही सगळे भेटायला गेलो. हार घातलेल्या फोटोसमोर मंडळी खाली मान घालून बसलेली. काकांनी फोटोकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "हा डोळ्याच्या ऑपरेशनच्या आधीचा आहे. जाताना ह्यांना चष्मा नव्हता." काकूंनी त्यांना कोपराने ढोसलं. पण आजींनी त्या दिवसात पहिल्यांदाच मान वर केली आणि म्हणाल्या, "तेच. मघापासून मला परकंच वाटतंय कोणीतरी." मग मुलगा मोबाइलवर बिनचष्म्याचा फोटो शोधायला लागला आणि जमलेल्या मंडळींना अर्धा तास रिकाम्या चौकटीसमोर दुःख करावं लागलं.

दर महिन्याला एका रविवारी त्यांच्यासारखेच तीन-चार गृहस्थ माझ्या खोलीत जमायचे आणि मी स्वयंपाकघरात काकूंबरोबर शेंगा सोलत बसायचे. आतून कुजबुज ऐकू यायची, जशी आजाऱ्याच्या खोलीतून येते. एका रविवारी मात्र आवाज चढले. इंजिनाच्या मागे जी पाण्याची टाकी असते तिच्यावर रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे खिळे, दिसत होते की नव्हते, यावरून गिरगावच्या एका गृहस्थांचं आणि काकांचं वाजलं. त्यांचा मोबाइलवरचा ग्रुप फुटला. रिव्हेटवाल्यांचा एक झाला, बिनरिव्हेटवाल्यांचा एक. बिनरिव्हेटवाल्यांत काका एकटेच होते. तरी रोज सकाळी ते त्या ग्रुपवर 'शुभ प्रभात' टाकायचे.

या सगळ्या उपद्रवाचं मूळ दिवाणखान्यात चौकटीत लावलेलं होतं. काकांचे वडील सरकारी नोकरीत, राहायला अँटॉप हिलच्या क्वार्टर्समध्ये. काकांची मुंज झाली तेव्हा पाहुण्यांना काहीतरी दाखवायचं म्हणून वडिलांनी त्यांना वडाळ्याच्या यार्डाकडे नेलं आणि मालगाडीच्या एका इंजिनापुढे उभं करून फोटो काढवला. फोटोत वडील आहेत, गोटा केलेले काका आहेत, आणि काकांची आत्या आहे. काकांच्या डोक्यावर नुकतेच केस फुटू लागलेले दिसतात, त्यावरून त्यांनी इंजिनाची तारीख जवळजवळ नक्की केली होती. हेच इंजिन, त्याच आठवड्यातलं, त्यांना करायचं होतं. अडचण आत्याची होती. ती अलिबागेहून मुंजीला आलेली, अंगाने चांगली भरलेली, आणि पुढच्या नि मधल्या चाकाच्या दरम्यान, जिथे काही इंजिनांना तेलाची पेटी असायची, काहींना नळी आणि काहींना काहीच नसायचं, बरोबर तिथे ती पदर सावरून उभी होती.

"दोन पावलं सरकली असती तर काय बिघडत होतं?" काका म्हणायचे. आत्या जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण त्यांचा तिच्याशी वाद चालूच होता. दुसरी अडचण अशी की फोटो डाव्या बाजूचा होता. उजव्या बाजूला काय होतं याचा पुरावा नव्हता. म्हणून मॉडेलची डावी बाजू नळ्या, खुंट्या, पायऱ्यांनी सजलेली, मधे आत्याएवढी जागा मोकळी, आणि उजव्या बाजूला नुसता पत्रा. मी एकदा म्हटलं, तुम्ही लहानपणी यार्डात गेला होता, उजवी बाजू बघितलीही असेल. काका म्हणाले, "बघितली असेल. पण आठवत नाही, म्हणजे बघितली नाही."

केतकी ही त्यांची एकुलती एक मुलगी, माझ्याहून थोडी मोठी, परळच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. आमचं लगेच जमलं. तिनेच मला वाढदिवसाची गोष्ट सांगितली. ती लहान असताना तिने बाबांकडे एकच मागितलं होतं, एक अख्खं इंजिन. काकांनी कबूल केलं, खपून पूर्णही करत आणलं. वाढदिवसाच्या संध्याकाळी मैत्रिणी जमल्या, आणि ऐन वेळी काकांच्या लक्षात आलं की लावलेला घुमट नंतरच्या दुरुस्तीतला आहे. त्यांनी तो काढला. केतकीने मैत्रिणींना पाठीला भोक असलेलं इंजिन दाखवलं. हे तुटलंय का, असं एकीने विचारलं. केतकी म्हणाली, नाही, बाबांना अजून आठवायचंय. ही गोष्ट सांगताना ती हसत होती, पण हसू जरा लवकर संपलं. नंतर तिने कधी इंजिन मागितलं नाही.

मागितलं ते एकदम लग्नात. वडाळ्याच्या निखिलशी तिचं ठरलं आणि काकूंनी रुखवताचा विषय काढला. हल्ली रुखवत विकत मिळतं. सुपारीचं जोडपं, साखरेचं घर, मोत्यांचं तुळशीवृंदावन, सगळं खोक्यात घालून देतात. काकूंना ते पटत नव्हतं. त्यांना स्वतःला विणकाम-भरतकाम येत नव्हतं, याची त्यांना लाजही होती. "घरात जन्मभर कारखाना चाललाय," त्या म्हणाल्या, "आणि मुलीच्या रुखवतात मांडायला एक वस्तू निघू नये?"

केतकी तेव्हा पानावर बसली होती. तिने मान वर न करता सांगितलं, "इंजिन ठेवा, बाबा. पण अख्खं. सगळ्या बाजूंनी. नाहीतर सुपारीचं जोडपं आणू आपण."

काका म्हणाले की उजव्या बाजूला काय होतं ते ठाऊक नसताना काहीतरी लावायचं म्हणजे खोटं.

"मग लग्नात मला खोटंच द्या," केतकी म्हणाली आणि ताट घेऊन उठली.

मला काकांचा असा राग आला की विचारू नका. पितळेचा एक तुकडा इकडे लावला काय नि तिकडे लावला काय, बघणार कोण होतं? माणसाने मुलीसाठी एवढं करू नये? मी तसं त्यांना सांगितलंही. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्या खोलीत जाऊन दिवा न लावता टेबलाशी बसले. दुसऱ्या दिवशी बघते तर त्यांनी उजव्या पत्र्यावर एक नळी बसवलेली होती. तिसऱ्या दिवशी ती काढलेली होती. त्यांना जमत नव्हतं. हट्ट असता तर मी भांडले असते, पण तो हट्ट नव्हता. काही लोकांना खोटं बोलताना तोतरेपणा येतो, तसं यांच्या हातांचं व्हायचं.

तोड काढली ती काकूंनी. रुखवताचं टेबल भिंतीला लावायचं, म्हणजे उजवी बाजू भिंतीकडे. आणि मधल्या मोकळ्या जागेचं काय, तर, "आत्यांना उभं करा की. फोटोत आहेत ना त्या?"

काकांनी काकूंकडे जसं बघितलं, तसं स्वतःच्या लग्नात तरी बघितलं होतं की नाही कोण जाणे. खरंच, आत्या पुराव्यात होती. पितळेची बोटाच्या पेराएवढी आत्या करून चाकांपुढे डाख देऊन पक्की केली की इंजिन फोटोप्रमाणे पूर्ण होत होतं. पण आत्याही एका विशिष्ट महिन्यातली हवी. काकांनी डोंबिवलीच्या आतेभावंडांना फोन लावले. तिचा खोपा कसा असायचा, चष्मा तेव्हा लागला होता का, पदर किती लांब घ्यायची, मुंजीच्या सुमाराला ती कितपत जाड होती. आपल्या आईची इतकी चौकशी इतक्या वर्षांत कोणी केली नव्हती. थोरली आतेबहीण फोनवर रडली. काका तिला म्हणाले, "रड, पण कमरेपाशी अंदाजे किती?" लग्नाला ती भावंडं झाडून सगळी आली, आणि हॉलमध्ये आल्या आल्या आधी रुखवताकडे गेली.

लग्न दादरच्याच एका हॉलमध्ये होतं. रुखवताच्या टेबलावर लाडवांच्या नि चकल्यांच्या ताटांमधे इंजिन, पुढे आत्या, मागे भिंत. खरं सांगते, देखणं दिसत होतं. केतकी विधींच्या मधे एकदा येऊन बघून गेली. तिने आत्याच्या डोक्यावरून हलकेच बोट फिरवलं आणि गेली. काका इतके खूश होते की त्यांनी फेटाही बांधून घेतला.

घात फोटोग्राफरने केला. त्याला उजेड हवा होता, म्हणून त्याने इंजिन उचललं आणि उलटं फिरवून ठेवलं. तेवढ्यात निखिलकडच्या बायका रुखवत बघायला आल्या. निखिलची मावशी खाली वाकली आणि म्हणाली, "ह्या बाजूला काहीच नाहीये." मग दुसरी म्हणाली, "अर्धंच दिलंय वाटतं." लग्नात अर्धी वस्तू दिली म्हणजे काय होतं, याचा बाहेरच्या खुर्च्यांपर्यंत खल सुरू झाला. काका धावत आले. दुसरा कोणी असता तर राहून गेलं, गडबड झाली, असं काहीतरी सांगून वेळ मारून नेली असती. काकांनी त्या शालू नेसलेल्या बायकांना पुराव्याचा नियम समजावून सांगितला. ते म्हणाले की मुलीकडच्यांनी फसवलेलं नाही, उलट जिथे माहिती नाही तिथे स्पष्ट कोरं ठेवलंय. मावशीने विचारलं, "म्हणजे ह्या बाजूला काय असतं ते तुम्हालाच ठाऊक नाही?" काका म्हणाले, "बरोबर." मावशीने बहिणीकडे, निखिलच्या आईकडे, बघितलं.

तिथे काकांना निखिलचे आजोबा दिसले. ते मूळचे मालवणकडचे, वडाळ्याला इंजिन ड्रायव्हर होते, वाफेच्याच इंजिनावर. काका लग्न ठरल्यापासून त्यांना भेटायला टपले होते, पण व्याह्यांच्या वडिलांना पहिल्याच भेटीत उजव्या बाजूबद्दल विचारू नये, असं काकूंनी बजावलं होतं. आता काकांनी खुर्ची ओढली, इंजिन त्यांच्यापुढे धरलं आणि विचारलं. आजोबांनी आत्याकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "इंजिन भायरसून कसा दिसता ता माका काय ठावक? मी सगळो जन्म भितुर."

काकांनी नेट धरून विचारलं, निदान काही इंजिनांना इथे पेटी होती, काहींना नव्हती, एवढं तरी आठवत असेल.

"सगळी सारकीच हो," आजोबा म्हणाले. "चला, जेवूक चला."

आजोबा उठले तशी निखिलकडची सगळी मंडळी उठली आणि विषय पंगतीत बुडाला. काका मात्र खुर्चीत बसून राहिले. ज्याने ते इंजिन हाकलं त्याला ते कसं दिसायचं याची काडीचीही फिकीर नव्हती, हे त्यांना कसं सोसलं असेल मला माहीत नाही. त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला.

निघताना केतकी आईच्या गळ्यात पडून रडली, माझ्या गळ्यात पडून रडली. मग काकांच्या पाया पडून समोर उभी राहिली. ते म्हणाले, "उजवी बाजू भिंतीकडे ठेव." ती रडता रडता फस्सकन हसली आणि गाडीत बसली.

पण निखिलच्या घरी भिंत नव्हती, शोकेस होतं, आणि त्याला मागून आरसा लावलेला होता. पुढून डावी बाजू, आणि आरशात दिवसरात्र कोरा पत्रा. हे केतकीने फोनवर सांगितलं तेव्हा काका जेवण अर्धवट टाकून उठले. मुलीच्या सासरी उगाच जाऊन बसायचं नाही असं त्यांचं मत होतं. लग्नानंतर काकू दोनदा जाऊन आल्या तरी ते गेले नव्हते. त्या रविवारी ते काळा कागद घेऊन गेले, आरशावर चिकटवला, चहा उभ्या उभ्या प्यायले आणि परत आले. पुढच्या रविवारी कागद सुटला असेल असं त्यांना वाटलं. त्याच्या पुढच्या रविवारी डाव्या बाजूचा, डब्यांचा धक्का झेलणारा एक बफर बदलायचा होता.

तेवढ्यात गिरगावच्या त्या रिव्हेटवाल्या गृहस्थांचा मेसेज आला. कित्येक महिने त्यांचं बोलणं नव्हतं. मेसेजमध्ये अक्षर नव्हतं, नुसता फोटो होता. कोणाच्या तरी जुन्या संग्रहात त्यांना तो मिळाला होता. तेच इंजिन, तोच नंबर, मुंजीचाच महिना, आणि उजवी बाजू. त्या फोटोत टाकीवरचे रिव्हेट स्वच्छ दिसत होते. काकांनी फोटो मोठा करकरून बघितला. मग उत्तर पाठवलं, 'आभारी आहे. उजव्या बाजूला आहेत. डावीचं सांगता येत नाही.' मग ते रिव्हेटवाल्यांच्या ग्रुपात परत गेले. 'शुभ प्रभात' तिथे सुरू झालं.

फोटोबरहुकूम उजव्या बाजूचे सगळे भाग काकांनी आठवड्याभरात माझ्या टेबलावर तयार केले. नळ्या, पेटी, कठडा, पायरी, सगळं एका डबीत कापसावर मांडलेलं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. एका दुपारी बसून सगळे बसवता आले असते. पण रविवारी काका त्यातला एकच भाग कागदात गुंडाळायचे, खिशात ठेवायचे आणि वडाळ्याची बस धरायचे. एका रविवारी एक नळी. पुढच्या रविवारी त्या नळीचं टोक. मी विचारलं, सगळे का नाही नेत एकदम? ते म्हणाले, "अशा कामात घाई करून चालत नाही." काकू भाजी निवडत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले, आणि मग पदराने ते पुसले.

डबीतला शेवटचा भाग उरला तेव्हा मीही काकांबरोबर गेले, केतकीला भेटायचं म्हणून. शेवटची ती पायरी होती, ड्रायव्हरने पाय ठेवून चढायची. काका सोफ्यावर बसले नाहीत, एरवीही बसत नाहीत असं केतकी म्हणाली. शोकेसपुढे स्टूल घेऊन त्यांनी पायरी बसवली, फुंकर घातली, आरशावरचा काळा कागद सोलून काढला आणि इंजिन जागेवर ठेवलं. पुढून पूर्ण, आरशातून पूर्ण.

"झालं," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द मी रोज ऐकत आले होते, पण आज पहिल्यांदा खरंच काहीतरी झालं होतं.

केतकीने इंजिन बाहेर काढून दोन्ही हातांत धरलं. सगळीकडून फिरवून बघितलं. त्या वाढदिवसापासून तिने ज्याची वाट बघितली ते तिच्या हातात होतं, आणि मला वाटलं ती आता हसेल किंवा रडेल. ती दोन्हींतलं काही करेना. ती काकांकडे बघत होती. काकांनी चिमटा पुसून खिशात ठेवला, रिकामी डबी दुसऱ्या खिशात ठेवली, मग ती परत काढून उघडून बघितली. चहा संपवून ते दाराशी गेले आणि चपला घालायला लागले. निखिल सहज म्हणाला, "बाबा, रविवारी या मग."

"आता रविवारी काय काम?" काका म्हणाले. ते वाईट वाटून म्हणाले नाहीत. त्यांना खरंच कळत नव्हतं.

केतकी इंजिन घेऊन दाराशी आली. "बाबा, आत्याच्या मागे काय आहे?"

"आत्या फोटोप्रमाणे बरोबर आहे. पुराव्यात आहे ती."

"आत्या बरोबर आहे. तिच्या मागचं इंजिन विचारतेय मी. पेटी होती, नळी होती, का काहीच नव्हतं? ठाऊक आहे तुम्हाला?"

काकांनी चपलेतला पाय तसाच ठेवला. "नाही," ते म्हणाले.

"मग अख्खं कसं झालं?"

आतल्या खोलीत आजोबांचा टीव्ही चालू होता. मग काकांनी चपला काढल्या, आत येऊन सोफ्यावर बसले, इंजिन मांडीवर घेतलं आणि चष्मा कपाळावर सरकवून आत्याच्या कमरेच्या बाजूने आत डोकावायला लागले. केतकी त्यांच्या शेजारी बसली. उशीर होत होता, म्हणून मी पर्स उचलून उभी राहिले.

काका वर न बघता मला म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे. मला जरा वेळ लागेल."